वाघ वाढले; त्यांच्या वाटा कोण राखणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: देशात २००६ साली १,४११ वाघ होते, २०२२च्या गणनेत ते ३,६८२ झाले. महाराष्ट्रात २०१४ साली १९०, मग ३१२ आणि २०२२ला ४४४. एवढी वाढ दिसत असताना अजून काळजी कसली? व्याघ्र प्रकल्पांत गस्त चोख ठेवली की पुरे नाही का?

गस्त हवीच, त्यावर वाद नाही. ती ढिली पडली की काय होतं हे आपण दोनदा पाहिलं आहे. राजस्थानातल्या सरिस्कात २००४-०५ साली एकही वाघ उरला नाही, आणि २००९ पर्यंत मध्य प्रदेशातल्या पन्नाचंही तेच झालं. दोन्हीकडे झाडं जागच्या जागी उभी होती, फलक होते, चौक्या होत्या. बाहेरून वाघ आणून सोडावे लागले तेव्हा ती जंगलं पुन्हा नांदती झाली. पण चंद्रपूर, भंडारा, यवतमाळ या पट्ट्यात पंचवीसेक वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की विदर्भातल्या वाघाचं भवितव्य यापुढे दोन प्रकल्पांच्या मधल्या धानाच्या बांध्यांत, नाल्यांत आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांत ठरणार आहे. तिथे आपण फार कमी लक्ष देतो. म्हणून उत्तर जरा लांबेल, तेवढं सहन करा.

आधी वाघाच्या पोटाचा हिशेब. एका वाघाला आठवड्याला चितळाएवढं एक जनावर लागतं, म्हणजे वर्षाला पन्नासेक. दहा जनावरांमागे एक याहून जास्त ओढ लागली तर कळप खंगत जातात. म्हणजे एका वाघामागे साधारण पाचशे चितळ, सांबर, रानडुकरं, नीलगायी हव्यात. त्या नसतील तर जंगल कितीही हिरवं दिसो, वाघाच्या दृष्टीने ते ओसाडच. कंबोडियात २००७ साली वाघ शेवटचा कॅमेऱ्यात आला. जंगल तिथेही होतं, पण तारेच्या फाशांनी आतलं सगळं टिपून नेलं होतं. आपल्याकडे रानडुकराच्या मटणासाठी लावलेला फासा सापडतो तेव्हा ‘किरकोळ प्रकरण’ म्हणून ते सोडून देण्याची सवय आहे. मी ते किरकोळ मानत नाही. त्या फाशात वाघाचं जेवण जातं, आणि कधीकधी वाघाचा पायही.

आता जागेचा हिशेब. ताडोबा-अंधारीचा गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा आहे, बोर प्रकल्प अवघा १३८चा. वाघीण साडेतीन महिन्यांनी विते, दोन-तीन पिलं होतात, दीड-दोन वर्षांची झाली की आई त्यांना दूर करते. माद्या बहुधा आईच्या शेजारीच बस्तान बसवतात. नरांना मात्र मोठ्या नराच्या हद्दीत थारा नसतो. त्यांना निघावंच लागतं. ताडोबासारख्या जंगलात दरवर्षी असे तरुण नर बाहेर पडतात आणि प्रत्येकाला जागा, खाणं आणि जोडीदार शोधायचा असतो. ब्रह्मपुरी वनविभागात एकही व्याघ्र प्रकल्प नाही, तरी आज तिथे वाघांची दाटी आहे. वाघ ‘बाहेर आला’ असं आपण म्हणतो, पण त्याच्या लेखी तिथे बाहेर असं काही नसतंच.

हे किती खरं आहे ते टिपेश्वरच्या एका वाघाने दाखवलं. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या एका तरुण नराला २०१९च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला. पांढरकवडा, तेलंगणातला आदिलाबाद, मग परत आपल्याकडे नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथली पुढची भटकंती धरून सगळं मिळून नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरच्या वर चालला. नकाशावर त्याच्या जागा मांडल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. दिवसा तो नाल्याच्या झाडोऱ्यात पडून राहायचा आणि रात्री कापूस, तूर, सोयाबीनच्या शेतांतून पुढे सरकायचा. ज्यांच्या शेतातून तो गेला त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही. आणि एवढं चालून पोहोचला तिथे एकही वाघीण नव्हती.

वाटा तुटल्या तर वाघ लगेच मरत नाहीत, म्हणून तर धोका लक्षात येत नाही. ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये काळसर, पट्टे एकमेकांत मिसळलेले वाघ दिसतात. पर्यटकांना त्याचं अप्रूप वाटतं. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ साली त्यामागचा जनुकीय बदल दाखवून दिला. एरवी अगदी विरळा असलेला हा बदल तिथे वारंवार दिसतो, कारण ती वस्ती लहान आहे, बाकीच्या वाघांपासून तुटलेली आहे आणि नातेसंबंधातच प्रजनन होतं आहे. मध्य भारताचं भाग्य असं की कान्हा, पेंच, सातपुडा, मेळघाट, नागझिरा, ताडोबा यांच्यात अजून ये-जा आहे. रक्त मिसळतं आहे. आपल्या हातात हीच खरी दौलत आहे आणि ती दर रस्त्यागणिक, दर खाणीगणिक थोडीथोडी जाते आहे.

आता प्रत्यक्ष काय बिघडतं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात पहाटे साडेपाचला एका वनरक्षकाचा फोन आला. जंगलाला लागून असलेल्या धानाच्या शेतात वाघीण पडली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा धुकं होतं. बांधाच्या कडेने बांबूच्या खुंट्या रोवलेल्या, आणि त्यावर गुडघ्याच्याही खाली, जवळपास नजरेला न पडणारी बारीक बाइंडिंगची तार. तारेचं एक टोक विजेच्या खांबाकडे गेलेलं. वाघीण कुशीवर पडली होती, जणू झोपली आहे. पुढच्या उजव्या पंजावर बोटाएवढा जळका चट्टा, बाकी अंगावर ओरखडा नाही. डॉक्टरांनी तिच्या पोटाशी हात लावला आणि आमच्याकडे पाहिलं. आचळं दुधाने भरलेली होती. पंचनामा एकीकडे चालू ठेवून आम्ही बाकीचे लोक पिलं शोधायला निघालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाल्यातल्या करवंदीच्या जाळीत एक पिलू सापडलं. दुसरं सापडलं नाही. नाल्याच्या वाळूत ठसे मात्र दोघांचे होते.

शेतकरी पळून गेला नव्हता. बांधावर बसून होता. “डुकरासाठी लावली होती जी,” एवढंच म्हणाला. दोन एकर धान, त्यातलं निम्मं डुकरांनी लोळून-तुडवून टाकलेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या तारेने शेजारचा माणूसही मेला असता, आणि अशा तारांनी माणसं मेली आहेतच. पण त्याला बेड्या घालून पुढची तार थांबत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. विदर्भात शिकारी टोळ्यांइतकीच, काही वर्षी त्याहूनही जास्त, धास्ती मला या आकडा टाकलेल्या तारेची वाटते.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. सौर कुंपण, ज्याला आपल्याकडे सगळे झटका मशीन म्हणतात. बारा व्होल्टची बॅटरी, वर सौर पत्रा, आणि तारेत सेकंदा-सेकंदाने क्षणभराचा झटका. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळतं. अडचण नंतर येते. पावसाळ्यात तारेखालचं गवत वाढून तारेला टेकतं, झटका जमिनीत उतरतो, मशीन निकामी झालंय असं शेतकऱ्याला वाटतं. दुसऱ्या वर्षी बॅटरी बसते आणि ती बदलून द्यायला कोणी येत नाही. तिसऱ्या वर्षी पुन्हा बांबूच्या खुंट्या. म्हणून मी आता एकेकट्या शेतकऱ्याला मशीन देण्याच्या विरोधात आहे. नाल्याच्या एका काठाची दहा-पंधरा शेतं मिळून एकच कुंपण, गावातल्याच एका पोराला दुरुस्तीचं शिक्षण आणि त्याचा महिन्याचा मेहनताना, आणि तारेखालचं गवत कापायची पाळी ठरलेली. असं जिथे केलं तिथे ते टिकलं. जोडीला पीक उभं असताना वनकर्मचारी आणि लाइनमन यांनी रात्री एकत्र फिरायला हवं. लाइनमनला आकडा अंधारातही कळतो, आपल्याला उजेडात कळत नाही.

गुरांचा विषयही तसाच. वाघाने गाय मारली की मालकाच्या डोळ्यांसमोर दूध, शेण, पुढच्या वर्षीचा गोऱ्हा सगळं जातं. भरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्याला तीन दिवस आणि पैशाला तीन महिने लागले तर मधल्या काळात राग साचतो. वाघ शिकारीवर परत येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या उरलेल्या मांसावर कोणी विष टाकलं की वाघीण आणि पिलं सगळी एका रात्रीत संपतात. आम्ही काही गावांत त्याच दिवशी जाऊन हातात थोडी रक्कम द्यायला सुरुवात केली, सरकारी पैसे येतील तेव्हा येतील. रक्कम लहान होती. पण कोणीतरी त्या दिवशी येऊन अंगणात बसलं, गाय कोणती होती, कितव्या वेताची होती ते विचारलं, याचा परिणाम रकमेपेक्षा मोठा होता.

माणूस मरतो तेव्हा मात्र मला बोलायला शब्द सापडत नाहीत, इतकी वर्षं होऊनही. चंद्रपूर जिल्ह्यात हे दरवर्षी घडतं, आणि मोहफुलं व तेंदूपत्त्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, सगळ्यात जास्त. पहाटे अंधारात मोहाखाली वाकून फुलं वेचणारी पाठमोरी बाई वाघाला चितळासारखी दिसते. गावाचा संताप अगदी रास्त असतो. शहरातून “वाघाच्या घरात माणसं जातातच कशाला” असं विचारणाऱ्यांनी एक उन्हाळा त्या घरात काढावा. तेंदूच्या पैशावर वर्षाची उधारी फिटते. सूर्य वर आल्यावरच जाणं, चार-पाच जणांनी सोबत राहणं, एकाने उभं राहून नजर ठेवणं, वाघीण पिलांसह कुठल्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या कुठल्या क्रमांकाच्या तुकड्यात आहे ते आदल्या संध्याकाळी गावात कळवणं, या साध्या गोष्टींनी जीव वाचतात. गावातल्या तरुणांच्या प्राथमिक कृती दलाने ही खबर पोहोचवली तर लोक ऐकतात. नुसती दवंडी दिली तर ऐकत नाहीत.

आणि एखादा वाघ खरोखरच माणसांच्या मागे लागला असेल तर त्याला पकडायला उशीर करू नये. हे मी वाघाच्या बाजूने बोलतो आहे. फक्त तो नेमका कोण ते आधी ठरवावं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, कॅमेऱ्यातली छायाचित्रं ताडून पाहता येतात, मृतदेहावरच्या लाळेतून डीएनए मिळतो. घाईत दुसराच वाघ उचलला तर खरा तिथेच राहतो आणि लोकांचा विश्वास कायमचा जातो.

वाघ उचलून दुसरीकडे सोडणं हा उपाय मात्र सरसकट नाही. २०२३च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या बाजूच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी एक. नागझिऱ्यात खाणं होतं, माद्या कमी होत्या, म्हणून निर्णय योग्यच होता. पण दर पिढीला ट्रकने वाघ पोहोचवत राहणं कोणालाच झेपणारं नाही. वाट शाबूत असेल तर तेच काम वाघ फुकट करतात.

रस्त्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगला धडा आहे आणि एक वाईट. वाईट आधी. २०१८च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे गेले. वळणावरचा जंगलातला रूळ, गाडीचा वेग, आणि तिथून वाघीण पिलांसह जाते हे माहीत असूनही काही केलेलं नाही. चांगला धडा पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाचा. न्यायालयीन लढाईनंतर महाराष्ट्राच्या हद्दीत मनसर ते खवासा दरम्यान जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले, सगळ्यात लहान ५० मीटरचा आणि मोठा ७५० मीटर लांबीचा. मी त्या मोठ्या पुलाखाली उभा राहिलो आहे. डोक्यावर ट्रकची घरघर, खाली मऊ माती, आणि मातीत चितळांच्या खुरांची दाट नक्षी. मधोमध, घाई नसलेल्या चालीने गेलेल्या वाघाचे ठसे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांतही वाघ इथून नियमित ये-जा करताना दिसले आहेत. मात्र त्यासाठी पुलाखाली दुकानं, झोपड्या, दिवे आणि वाहनतळ येऊ देता कामा नये. बांधून मोकळं होणाऱ्यांना हे सांगत राहावं लागतं. कालव्यांकडेही कोणी बघत नाही. सिमेंटचे उभे काठ असले की पाण्यात पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. ठरावीक अंतरावर उतार आणि वरून मातीचा पूल एवढीच मागणी असते.

कायद्याचं पाठबळ आहे का? आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-ओ प्रमाणे व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे पट्टेही राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीशिवाय आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सल्ल्याशिवाय घातक वापराकडे वळवता येत नाहीत. प्राधिकरण आणि वन्यजीव संस्था यांनी २०१४ साली देशातल्या ३२ प्रमुख वाटांचे नकाशेही काढले. अडचण जमिनीवर येते. या पट्ट्यातली जमीन एका मालकीची नाही. काही राखीव वन, काही वन विकास महामंडळाची, काही गावाच्या सामूहिक वनहक्काची, काही खाजगी शेती, आणि काही आपल्या विदर्भातलं ते झुडपी जंगल. त्या झुडपी जंगलाला वर्षानुवर्षं पडीक समजून कोणीही हात घालत होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच आहे असं स्पष्ट केलं, याचा मला फार आनंद झाला. मोठी झाडं नसलेला तो काटेरी तुकडा वाघाला रात्रीच्या प्रवासात दिवसाचा आडोसा देतो.

गावं उठवून गाभा मोकळा करण्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड इथल्या लोकांनी गाव सोडलं आणि जुन्या शेतांवर गवताळ कुरणं झाली, तृणभक्षी वाढले. जिथे लोक स्वतः मागणी करतात, ग्रामसभेची खरी संमती असते आणि नव्या जागी पाणी, शाळा, सातबारा आधी मिळतो, तिथे मी त्याच्या बाजूने आहे. दबावाने केलेलं पुनर्वसन लोक विसरत नाहीत. शिवाय वाटांवरची गावं तर कधीच उठणार नाहीत, उठवूही नयेत. तिथे वाघ राहील तो गावाने राहू दिला म्हणून.

शेवटी तुम्ही विचारलंत, आमच्यासारख्याने काय करायचं. सफारीला जरूर जा; जिप्सीवाल्याला वाघ दाखवायची घाई लावू नका, आणि वाघिणीचा फोटो त्याच दिवशी ठिकाणासह टाकू नका. पण तुम्ही अभियांत्रिकी शिकता आहात, नकाशा वाचता येतो, म्हणून तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे. वनजमिनीचे प्रस्ताव केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर येतात. आठवड्यातून एकदा चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, गोंदियाचे प्रस्ताव उघडून बघा. प्रस्तावाची जागा वाटांच्या नकाशावर ठेवा. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. तेवढ्यात गावात जाऊन लोकांशी बोलता येतं. ताडोबाच्या उत्तरेचा बंदर कोळसा पट्टा २०२० साली लिलावाच्या यादीतून वगळला गेला, त्यामागे असंच वेळेत आणि पुराव्यानिशी उठवलेला आवाज होता.

हरकत लिहिताना ‘वाघ वाचवा’ एवढंच लिहू नका, त्याची कोणी दखल घेत नाही. कोणता नाला, कोणता कक्ष क्रमांक, कोणत्या तारखेला कोणी ठसे पाहिले, कोणाच्या शेतात गाय मारली गेली, कुठे मोरी रुंद करता येईल आणि किती मीटर, हे लिहा. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. दोन प्रती काढा, एक दाखल करा आणि दुसरीवर तारखेसह पोच घेऊन या. पहिल्या वेळी कसं लिहायचं अडलं तर मसुदा मला दाखवा. रात्री बसून आपण तो नीट करू.